झाकली मूठ शंभर डॉलरची

२८ एप्रिल २०१६ची रात्र. अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ शिकागोत नवे खेळाडू निवडत होते. मिसिसिपी विद्यापीठाचा, म्हणजे तिकडच्या लाडक्या भाषेत ‘ओल मिस’चा, लॅरेमी टन्सिल हा धिप्पाड पोरगा त्या रात्री कोट्यधीश होणार हे ठरल्यातच जमा होते, आणि तो झालाही. पण त्याच रात्री कुणीतरी त्याची समाजमाध्यमांवरची खाती फोडली आणि त्याचे कॉलेजच्या दिवसांतले काही मेसेज चव्हाट्यावर आणले. त्यांत तो संघाच्या कचेरीतल्या एका माणसाकडे घरभाड्यासाठी आणि आईच्या लाइट बिलासाठी पैसे मागत होता. बिल ३०५ डॉलरचे. थोड्या वेळाने पत्रकारांनी विचारले, प्रशिक्षकाकडून पैसे घेतलेस का? पोरगा जरा थबकला आणि म्हणाला, हो म्हणावे लागेल. शेजारच्या बाईंनी त्याला घाईघाईने आत नेले.

कॉलेजच्या खेळाडूने असे पैसे घेणे तेव्हा नियमाबाहेर होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गदारोळ झाला तो ‘पैसे घेतले’ यावर. ज्या पोराच्या जोरावर साठ हजार माणसांचे मैदान भरते, त्याच्या आईचे लाइट बिल थकलेले का, हे फारसे कुणी विचारले नाही.

कॉलेजच्या खेळाडूंना श्रीमंत चाहते गुपचूप पैसे देतात का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. देतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहेत. कार्नेगी प्रतिष्ठानाने ऑक्टोबर १९२९मध्ये अमेरिकन कॉलेजांतल्या खेळांवर जाडजूड अहवाल काढला, तेव्हाच पाहणी केलेल्या कॉलेजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ठिकाणी खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसे पोचत असल्याचे त्यात आले होते. त्यामुळे ‘देतात का’वर वेळ घालवण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की यातला पैसा वाईट नव्हता, त्याचे गुपचूप असणे वाईट होते. आणि हे गुपित ना पोरांनी तयार केले ना चाहत्यांनी. ते नियम करणाऱ्यांनी केले.

आधी ही मंडळी कोण ते सांगतो. तिकडे त्यांना ‘बूस्टर’ म्हणतात. गावातला मोटारींचा डीलर, जमिनीचा दलाल, तेलवाला, बिल्डर, बहुधा त्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी आणि संघावर वेडा जीव असलेला. तो कॉलेजला देणग्या देतो, स्टेडियमला आपले नाव लावून घेतो, प्रशिक्षकाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतो. इतके सगळे उजेडात चालते. त्यानेच एखाद्या खेळाडूला हॉटेलात जेवू घातले की मात्र तो गुन्हा ठरायचा. मग नोट जायची हस्तांदोलनातून. सामना संपल्यावर शाबासकी द्यायला पुढे आलेल्या हाताच्या तळव्यात घडी घातलेली शंभराची नोट. याला तिकडे नावच पडले, ‘हंड्रेड डॉलर हँडशेक’. मोठ्या रकमा पोचवणारा तो ‘बॅगमन’. आपल्याकडे ‘पाकीट’ म्हटले की जे कळते, तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण मी आजवर इतक्या शब्दशः खरी झालेली पाहिली नव्हती.

ही प्रकरणे बाहेर कशी येतात ते पाहण्यासारखे आहे. मिशिगन विद्यापीठाचे प्रकरण उजेडात येऊ लागले ते १९९६मधल्या एका मोटार अपघातामुळे. गाडी उलटली, आणि एवढी महाग गाडी कॉलेजच्या पोराकडे कुठून आली याची चौकशी सुरू झाली. धागा पोचला एड मार्टिन नावाच्या फोर्ड कंपनीतल्या निवृत्त इलेक्ट्रिशियनपर्यंत. हा गृहस्थ डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत आकड्यांचा बेकायदा धंदा चालवायचा, आपल्या भाषेत मटका. त्याने क्रिस वेबरसह चार बास्केटबॉलपटूंना मिळून ६ लाख १६ हजार डॉलर दिल्याचे आरोपपत्रात आले. वेबर म्हणजे मिशिगनच्या ‘फॅब फाइव्ह’ या गाजलेल्या पाच पोरांमधला सर्वांत मोठा तारा. विद्यापीठाने २००२मध्ये १९९२ आणि १९९३च्या अंतिम फेऱ्यांचे झेंडे सभागृहाच्या छतावरून उतरवले. मायामीचे प्रकरण बाहेर आले ते नेविन शपिरो तुरुंगात गेल्यावर. त्याने ९३ कोटी डॉलरची पॉन्झी योजना चालवली होती. २०११मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी त्याने सांगून टाकले की आपण ७२ खेळाडूंवर पैसा उधळला. विद्यापीठाने तोवर एका विश्रांतिकक्षाला त्याचे नावही दिले होते. म्हणजे एकदा गाडी उलटली, एकदा ठग पकडला गेला, एकदा खाती फोडली गेली. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था. तिला कुणाला साक्षीसाठी बोलावण्याचा कायदेशीर अधिकारच नाही. अपघातानेच जे कळते, त्यापेक्षा न कळलेले किती असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

आणि या संस्थेने मायामीच्या चौकशीत काय केले? शपिरोच्या दिवाळखोरीच्या खटल्यात साक्षीदारांना शपथेवर प्रश्न विचारता येत होते. एनसीएएच्या तपासाधिकाऱ्यांनी शपिरोच्याच वकीलबाईंना पैसे देऊन त्यांच्याकरवी आपले प्रश्न विचारून घेतले. २०१३च्या सुरुवातीला हे संस्थेला स्वतःच कबूल करावे लागले आणि अंमलबजावणी विभागाच्या प्रमुखाची नोकरी गेली. पाकीटबंदीच्या पहारेकऱ्यानेच पाकीट दिले. विनोद सुचवायची गरज नाही.

पण या सगळ्यात खरे पाहण्यासारखे प्रकरण डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे, एसएमयूचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या छोट्या खासगी विद्यापीठाचा फुटबॉल संघ देशात पहिल्या काही संघांत होता. टेक्सासच्या तेलाचा आणि जमिनींचा पैसा भरात होता. ऑगस्ट १९८५मध्ये एनसीएएने संघाला शिक्षा करून ताकीद दिली. तरी पैसे थांबले नाहीत. एका बूस्टरने पुरवलेल्या गंगाजळीतून १९८५-८६मध्ये तेरा खेळाडूंना मिळून ६१ हजार डॉलर वाटले गेले, महिन्याला कुणाला ५०, कुणाला ७२५. कारण उघड आहे. कबूल केलेले पैसे एकदम थांबवले तर पोरे बोलतील ही भीती. जुन्या पोरांना शेवटपर्यंत द्यायचे, नव्यांना द्यायचे नाही, असा निर्णय झाला. हा निर्णय कुण्या गल्लीतल्या दलालाचा नव्हता. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लेमंट्स यांनी मार्च १९८७मध्ये तो आपल्याला मान्य होता हे कबूल केले. तोपर्यंत ते टेक्सासच्या गव्हर्नरपदावर दुसऱ्यांदा बसले होते.

२५ फेब्रुवारी १९८७ला शिक्षा झाली. तिकडे तिला ‘डेथ पेनल्टी’ म्हणतात, संघाला फाशी. १९८७चा अख्खा हंगाम रद्द. पुढच्या हंगामातले घरचे सामने रद्द झाल्यावर विद्यापीठाने उरलेलेही सोडून दिले. १९८९मध्ये संघ परत उभा राहिला, पण २००८पर्यंतच्या वीस वर्षांत हरल्यापेक्षा जास्त सामने जिंकलेला हंगाम एकच. या वीस वर्षांत जी पोरे तिथे खेळायला आली, त्यांचा त्या ६१ हजारांशी काही संबंध नव्हता. बरीचशी तर १९८७ला शाळेतही जात नसतील. क्लेमंट्स गव्हर्नरकीची मुदत पुरी करून निवृत्त झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी यापेक्षा काय वेगळी असते?

गुपचूप व्यवहारात पहिला बळी जातो तो ज्याच्यासाठी पैसा निघतो त्याचाच. कागद नाही, सही नाही, पावती नाही. दिलेला शब्द फिरवला तर दाद कुणाकडे मागायची? मेम्फिसच्या एका शाळकरी खेळाडूला अलाबामा विद्यापीठाकडे वळवण्यासाठी लोगन यंग नावाच्या धनाढ्य बूस्टरने दीड लाख डॉलर मोजले. ते गेले मुलाच्या शाळेतल्या प्रशिक्षकाच्या हाती. प्रशिक्षकाने गुन्हा कबूल करून साक्ष दिली, २००५मध्ये यंग दोषी ठरला, अलाबामाच्या संघाला त्याआधीच शिक्षा झाली होती. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवतात आणि बैलाला पत्ता नसतो. हा सौदा तसाच झाला.

मुळात हे खेळ ‘हौशी’ कधी होते? अमेरिकेत दोन कॉलेजांमधला पहिला सामना म्हणजे १८५२मधली हार्वर्ड आणि येल यांची होड्यांची शर्यत. न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तळ्यावर ती झाली. पोरांचा प्रवास, राहणे, खाणे सगळा खर्च एका रेल्वे कंपनीच्या अधिकाऱ्याने उचलला, कारण तळ्याकडे जाणाऱ्या त्याच्या गाड्यांना उतारू हवे होते. म्हणजे अगदी पहिल्याच सामन्याला बूस्टर हजर होता, आणि त्याचा हिशेबही चोख होता.

हौशीपणाचे सोवळे नंतर शिवले गेले, आणि त्यातला सर्वांत बारीक टाका एका शब्दाचा आहे. कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजकडून खेळताना १९५५मध्ये एक खेळाडू डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. ती तिला मिळाली नाही. १९५७मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. अशा दाव्यांची धास्ती घेऊन एनसीएएने याच काळात ‘स्टुडंट-अॅथलीट’ हा जोडशब्द घडवला आणि सगळीकडे वापरायची सक्ती केली. खेळाडू म्हटले की कामगाराचा वास येतो; आधी ‘विद्यार्थी’ जोडला की तो जातो. ही माहिती कुणा विरोधकाची नाही. संस्थेचे १९५१ ते १९८७ कारभारी राहिलेले वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर ती लिहून ठेवली, आणि या सगळ्या व्यवस्थेला त्यांनी काळ्या गुलामांच्या मळ्यावरच्या वेठबिगारीच्या पंक्तीला बसवले. फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये मैदानावर कोणत्या रंगाची पोरे जास्त असतात आणि कारभाऱ्यांच्या खुर्च्यांवर कोण, हे ठाऊक असणाऱ्याला त्या शब्दाचे वजन कळेल.

विद्यार्थी म्हणता, तर मग शिक्षणाचा हिशेब तरी कडक असेल? २०१७ साली एनसीएएने दोन निकाल दिले, दीडेक महिन्याच्या अंतराने. पहिला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा. तिथे एका विभागात अठरा वर्षे नावापुरते अभ्यासक्रम चालले. वर्ग नाहीत, प्राध्यापक दिसत नाहीत, एक निबंध द्यायचा आणि कचेरीतल्या बाईंनी गुण द्यायचे. ३,१००हून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यांत जवळपास निम्मे खेळाडू. एनसीएएने काय ठरवले? आमच्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही, कारण हे बोगस वर्ग खेळाडू नसलेल्यांनाही खुले होते. दुसरा निकाल ओल मिसचा, टन्सिलच्या कॉलेजचा. बूस्टरांनी खेळाडूंवर पैसे खर्च केले म्हणून हंगामानंतरच्या सामन्यांवर बंदी, शिष्यवृत्त्यांत कपात, सगळे साग्रसंगीत. मला हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर पुढे फारसा युक्तिवाद करावासा वाटत नाही. पोराला अडाणी ठेवून पदवी दिली तर चालते. त्याच्या खिशात नोट ठेवली तर विद्येचे पावित्र्य भंगते.

तरी समोरच्या बाजूचे दोन मुद्दे टाळता येत नाहीत. एक म्हणजे, शिष्यवृत्ती हीच मजुरी. काही खासगी विद्यापीठांत वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे जातो. तो माफ होतो, वर राहणे, खाणे, डॉक्टर. ही काही क्षुल्लक गोष्ट नाही, पोटाला चिमटा काढून मुलांना तिकडे पाठवणाऱ्या आपल्या मराठी आईबापांना तर ते सांगायलाच नको. पण ‘खाणे’ म्हणता तेव्हा २०१४ आठवा. कनेक्टिकट विद्यापीठाला बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळवून देणारा शबाज नेपियर म्हणाला होता, काही रात्री मी उपाशी झोपतो. काही दिवसांतच जेवणाचा नियम बदलला. म्हणजे बदलता येत होता. आणि मजुरी ठरवताना दुसऱ्या ताटाकडेही पाहावे लागते. अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन शेवटी वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त घेत होते. मार्चमधल्या बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार २०१०मध्ये चौदा वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरना झाला. तळे राखील तो पाणी चाखील, ठीक. पण तळे खोदणाऱ्याने ओंजळ भरली की पोलीस?

दुसरा मुद्दा मला खरोखर अडतो. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या पैशांवर कॉलेजांतले पोहणे, कुस्ती, जिम्नॅस्टिक्स, मुलींचे कित्येक संघ चालतात. अमेरिकेची ऑलिंपिक पदके बरीचशी याच हौदातून येतात. मोठ्या खेळाडूंना पैसे गेले तर हे आटणार, आणि आटू लागले आहे. याला माझ्याकडे नीटनेटके उत्तर नाही. एवढेच विचारतो की जलतरण तलावाचा खर्च टन्सिलच्या आईच्या लाइट बिलातून का काढायचा? प्रशिक्षकाच्या कोटीतून का नाही?

इथे मला आपले कोल्हापूर आठवते. जत्रेच्या कुस्त्यांच्या पत्रकावर पैलवानांच्या नावाशेजारी इनामाचा आकडा ठळक छापलेला असतो. कोण किती देणार हे गावाला आधी ठाऊक. त्याने कुस्ती बाटली असे कुणी म्हणत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक आणले. जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले तिथल्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. एनसीएएच्या नियमपुस्तकात ते प्राचार्य बूस्टर ठरले असते, आणि खाशाबा अपात्र.

अर्थात २०२१नंतर चित्र पालटले. जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्धच्या अल्स्टन खटल्यात खेळाडूंच्या बाजूने नऊ विरुद्ध शून्य निकाल दिला. वाद शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी जोडलेल्या मतात साफ म्हटले की मजुरी न देणे हेच आमच्या मालाचे वैशिष्ट्य आहे, असे सांगून दुसरा कुठलाही धंदा सुटू शकला नसता. १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि चेहरा विकण्याची मुभा मिळाली. लगोलग बूस्टरांनी ‘कलेक्टिव्ह’ नावाची मंडळे काढली. कालचा बॅगमन आज लेटरहेडवर आला.

म्हणून सगळे सुरळीत झाले का? नाही. फ्लोरिडात एका शाळकरी क्वार्टरबॅकला, म्हणजे फुटबॉलमध्ये चढाईची सूत्रे हलवणाऱ्या खेळाडूला, १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार देऊ केला गेला, तो फिसकटला, आणि २०२४मध्ये त्याने प्रशिक्षक आणि बूस्टरवर दावा ठोकला. पोरे दरवर्षी कॉलेज बदलू लागली. जुने चाहते कपाळाला हात लावतात, आणि मलाही तो बाजार बघवत नाही. पण त्या दाव्याकडे नीट पाहा. ज्याला शब्द दिला त्याला कोर्टाची पायरी चढता आली. १९८६मध्ये डॅलसच्या पोराला हे करता येत नव्हते. तो बोलला की सर्वांत आधी त्याचेच खेळणे बंद.

जून २०२५मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर, आणि यापुढे कॉलेजांना थेट पैसे देता येणार. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा कॉलेजमागे २ कोटी ५ लाख डॉलर. बाहेरच्या माणसाचा ६०० डॉलरवरचा करार मात्र कळवायचा, आणि तो बूस्टरशी संबंधित असेल तर त्यामागे खरा धंदा आहे का, हे तपासले जाणार. मला पुन्हा झाकलेली मूठ दिसते ती इथे. वर झाकण घातले की वाफ बाजूने जाते. ज्या बूस्टरांचा पैसा मर्यादेवर थांबत नाही, ते त्याला वाट काढणार. मोटारीच्या जाहिरातीत चार सेकंद चेहरा दाखवून काढतील, नाहीतर हस्तांदोलनाने. व्यावसायिक बास्केटबॉललाही पगाराची मर्यादा आहे, पण ती खेळाडूंच्या युनियनने टेबलावर बसून मान्य केलेली असते. इथे खेळाडूंच्या बाजूला खुर्चीच नाही. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी २०१४मध्ये युनियनसाठी प्रयत्न केला, कामगार मंडळाने पुढच्या वर्षी हात झटकले. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली, आणि वर्ष संपता संपता अर्ज मागे घेतला. खेळाडूला कर्मचारी म्हणा, करार लिहा, त्याच्या युनियनशी भाव ठरवा. याहून कमी कशानेही पाकीट बंद होईल असे मला वाटत नाही. जाता जाता एक: आपल्याकडून टेनिस किंवा स्क्वॉश खेळायला जाणारी पोरे विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर असतात, त्यांना बाहेरची कमाई वर्ज्य. सोबत्याचा करार उजेडात आणि यांचा हात अजूनही टेबलाखाली ठेवण्याचा मोह, अशी ही नवी विषमता आहे.

एसएमयू २०२४मध्ये एसीसी या बड्या गटात दाखल झाले. जागा मिळावी म्हणून त्यांनी नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या पैशांतला वाटा सोडला, आणि ती तूट भरायला डॅलसच्या बूस्टरांनी आठवड्याभरात दहा कोटी डॉलर जमवले. त्याच हंगामात संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बाद फेरीत पोचला. सगळे कायदेशीर, सगळे छापून आलेले. २ कोटी ५ लाखांची मर्यादा वर्षाच्या दिवसांत वाटली तर दिवसाला ५६ हजार डॉलर पडतात. १९८७मध्ये ज्या ६१ हजारांसाठी या संघाला फाशी झाली, ते आजच्या हिशेबाने एक दिवस आणि दोन तासांचे पैसे. महागाई धरली तर तीन-एक दिवसांचे.